भाजलेला बोर्ड

कापसाची काडी स्पिरिटमध्ये बुडवून बेव्हर्लीने ती बोर्डावरून एकदा फिरवली, आणि काडी तपकिरी होऊन वर आली. तिने ती नाकाशी नेली आणि लगेच हात लांब केला. वास चरबीचा होता. धुळीचा नाही, सिगारेटचा नाही, जुन्या यंत्रांना येतो तसला कुबट वासही नाही. मांस भाजून नीट न घासलेल्या भांड्याला येतो, तो वास. आणि तो कॉम्प्युटरच्या बोर्डाला येत होता.

“शी,” ती म्हणाली. घरात ऐकायला कुणी नव्हतं, तरी म्हणाली.

बेव्हर्ली सटक्लिफने इंग्लंडातल्या हडर्सफील्डमधल्या एका शाळेचं स्वयंपाकघर अर्धं आयुष्य चालवलं होतं. तिथे तिचा शब्द शेवटचा. कच्च्या मांसाची सुरी भाजीच्या फळीवर ठेवली म्हणून तिने एका बाईला रडवलं होतं, आणि त्याबद्दल तिला आजही वाईट वाटत नव्हतं. पुढे शाळेने जेवणाचं कंत्राट बाहेर दिलं, प्लॅस्टिकच्या डब्यांतून गार पास्ता यायला लागला, तशी तिने एप्रन उतरवला आणि घरी आली. नवरा तोवर गेलेला होता. रिकाम्या घरात करायचं काय, म्हणून तिने माळ्यावरून लहानपणचा कॉम्प्युटर खाली काढला. बापाने एका नाताळात आणलेला. कीबोर्डच्याच पोटात सगळं यंत्र, टीव्हीला जोडायचं आणि प्रोग्रॅम टेपवरून भरायचे. यंत्र ठणठणीत होतं. टेपा मात्र बुरसटून गेल्या होत्या.

हल्ली या नादाची माणसं त्यावर एक युक्ती करतात. तळहातावर मावेल एवढा, नव्या जमान्यातला एक सबंध कॉम्प्युटर मिळतो, एकाच बोर्डावर सगळा. तो जुन्या यंत्राला जोडायचा. तो टेपचं सोंग घेतो, आणि जुन्या यंत्राला आपण फसवले जातोय हे कळतसुद्धा नाही. बेव्हर्लीने असाच एक वापरलेला बोर्ड घेतला होता. घेताना चालत होता, घरी आणून लावला, तासभर चालला आणि मेला.

आता हा बोर्ड तिने घेतला कुठून, हे सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दर महिन्याच्या पहिल्या शनिवारी मेथडिस्ट चर्चच्या हॉलमध्ये जुन्या कॉम्प्युटरवाल्यांचा क्लब भरायचा. सगळे पुरुष, बहुतेक निवृत्त, आणि बेव्हर्लीच्या मते सगळे गलिच्छ. तिने तिथे पहिल्यांदा एका यंत्राचं झाकण उघडलं तेव्हा आतून बिस्किटांचा भुगा, कुत्र्याचे केस आणि कुणाचं तरी नख निघालं होतं. ज्याचं यंत्र, तो म्हणाला की हे मूळ मालकाचं असेल, इतिहास आहे तो. तिने झाकण लावलं होतं आणि जाऊन दोनदा हात धुतले होते. कथलाचा धूर, ओले स्वेटर आणि न धुतलेले चहाचे कप, असा त्या हॉलचा वास होता. त्यात एकच माणूस इस्त्रीचा शर्ट घालून बसायचा. त्याची नखं कापलेली असायची आणि तो आपली हत्यारं मोठ्यापासून छोट्यापर्यंत ओळीने मांडायचा. तो रसेल हेग.

रसेल आधी नगरपालिकेत मोजणीच्या कामाला होता. बायको सोडून गेली त्यालाही बराच काळ लोटला होता. घर एकट्याने चालवायचा आणि बाईने चालवावं त्याहून चांगलं चालवायचा. त्याच्या हातचे रविवारचे भाजलेले बटाटे क्लबमध्ये नावाजलेले होते. बाहेरून कुरकुरीत, आतून लोण्यासारखे. बेव्हर्ली दुसऱ्याच्या घरी सहसा जेवत नसे. रसेलच्या घरी मात्र पहिल्याच रविवारी जेवली, बटाटे मागून घेतले, आणि परतताना बसमध्ये एकटीच हसत होती. मार्चमध्ये त्याने तिला सरळ विचारलं की आता दोन घरांचे दोन हीटर कशाला तापवायचे, लग्नच करून टाकू. ती म्हणाली, ईस्टरच्या रविवारी सांगते. मनात ती हो म्हणून बसलीच होती. या वयात स्वच्छ माणूस मिळतो कुठे?

क्लबमध्ये खिडकीखाली एक लांब टेबल असायचं. नको झालेलं सामान सभासद तिथे आणून ठेवायचे आणि हवं त्याने घ्यायचं. पैसे विल्फच्या पत्र्याच्या डब्यात. विल्फ म्हणजे क्लबचा सर्वांत म्हातारा माणूस, किल्ल्या त्याच्याच खिशात. त्या टेबलाचा एक नियम होता, क्लब सुरू झाला तेव्हापासूनचा. वस्तू कुणाची हे विचारायचं नाही आणि सांगायचंही नाही. कारण एकदा एका डिस्क ड्राइव्हवरून दोन सभासदांची अशी जुंपली होती की चर्चने हॉल काढून घ्यायची धमकी दिली. तेव्हापासून टेबलावर आलेल्या वस्तूला बाप नसे. विल्फने बोर्ड टीव्हीला लावून दाखवला, चित्र उमटलं, बेव्हर्लीने घेतला. रसेल त्या वेळी आतल्या खोलीत सगळ्यांचा चहा करत होता. बाहेर आला, तिच्या हातातला बोर्ड बघितला आणि म्हणाला, “अरे वा.” मग त्याने तिचा कप तिच्यापुढे ठेवला, तिला लागतं तेवढंच दूध घातलेला.

तर तो बोर्ड मेला. आणि दुरुस्तीच्या कामाला रसेल तिच्या शेजारी बसला, क्लबमध्येही आणि तिच्या घरीही. भिंग धरायचं काम त्याचं, काड्या फिरवायचं तिचं. तो एकेक शंका काढायचा. वीज पुरवणारी वायर खराब असेल. तिने नवी आणली. मेमरी कार्ड असेल. तेही बदललं. जोडणीची खाच सैल असेल. तिने तिथे नव्याने कथलाचे डाग दिले, सबंध शनिवार घालवून. बोर्ड गार असताना उठायचा आणि गरम झाला की मान टाकायचा.

“टाकून दे गं,” रसेल म्हणायचा. “मी तुला कोरा घेऊन देतो. यात कशाला जीव घालतेस?”

पण हातात घेतलेलं काम अर्धवट टाकणं बेव्हर्लीच्या रक्तात नव्हतं. शिवाय तिला वाटायचं, बघा, माझा जीव दमतो म्हणून याला किती वाईट वाटतंय. तिने रुबार्बचा पाय केला होता, आंबट देठांचं गोड सारण भरून भाजलेला, तो त्याने दोनदा घेतला.

आज चरबीचा वास आला, तशी तिने बोर्ड उलटा केला आणि दिव्याखाली धरला. आजवर तिचं सगळं लक्ष वरच्या बाजूला होतं. खाली चार कोपऱ्यांजवळ चार फिकट ठिपके होते, बाकी पाठ जरा करपून पिवळी पडलेली. काठाला कंपनीचं लेबल होतं, काळ्या रेघांचं. तेही तपकिरी झालेलं आणि निम्म्यातून फाटलेलं. तिने वरची मोठी चिप बोटाने दाबली आणि वीज चालू केली. बोर्ड उठला. बोट काढलं, मेला. पुन्हा दाबलं, उठला.

मग सगळं उलगडलं. या चिपच्या खाली कथलाचे बारीक बारीक दाणे असतात, राईहून लहान. ते तडकले की चिप बोर्डापासून सुटते. अशा वेळी काही माणसं बोर्ड सरळ ओव्हनमध्ये ठेवतात, अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलचे चार पाय वळून त्यांवर. बटाटे ज्या आचेवर खरपूस होतात, तिच्या जरा वर कथील मऊ होतं आणि दाणे पुन्हा चिकटतात. चिकटतात, पण धड नाही. बोर्ड काही दिवस चालतो आणि मग पहिल्यापेक्षा वाईट मरतो. ज्याला हे प्रामाणिकपणे करायचं असतं तो शेडमध्ये एक जुना ओव्हन वेगळा ठेवतो, आणि विकताना सांगतो की बाबा, हा भाजलेला आहे. न सांगता टेबलावर ठेवणं म्हणजे शिळ्या मांसावर मसाला लावून पाहुण्याला वाढणं.

तेवढ्यात रसेल आला. तिने त्याला बोर्डाची पाठ दाखवली.

“कुणीतरी हा जेवणाच्या ओव्हनमध्ये भाजलाय,” ती म्हणाली. “चरबीचा वास बघ. ज्यात पोराबाळांचं जेवण शिजतं, त्यात. याच्यातून काय काय निघतं तापल्यावर, कल्पना आहे का त्या माणसाला? मी सांगते रसेल, ज्याने हे केलंय त्याच्या हातचं मी पाणीसुद्धा पिणार नाही.”

रसेलने भिंग डोळ्याला लावलं आणि बराच वेळ ते ठिपके पाहिले.

“लोक काय एकेक असतात,” तो म्हणाला. मग त्याने विचारलं की कालचा पाय उरलाय का.

पुढच्या शनिवारी क्लब भरला तेव्हा तिने विल्फला गाठलं. नियम तिला ठाऊक होता, पण हा बोर्ड कुणी आणला ते तिला हवंच होतं. त्या माणसाचा कीबोर्ड, त्याची बशी, त्याने हात लावलेला बिस्किटांचा डबा, सगळ्यापासून तिला लांब राहायचं होतं. विल्फ डब्यातली नाणी उगाच खालीवर करत राहिला. म्हणाला, पैसे परत घे हवं तर, बोर्ड ठेवून जा. ती म्हणाली पैसे नकोत, नाव हवंय.

“नाव विचारू नकोस, पोरी,” विल्फ म्हणाला. तिच्याकडे न बघता म्हणाला. तिला वाटलं, नियमाला किती धरून आहे म्हातारा.

मग तिने तो बोर्ड दुरुस्त करायचाच असं ठरवलं. रागाने माणूस कधी कधी चांगलं काम करतो. आधी तिने तो साबणाच्या पाण्याने धुतला, मऊ ब्रशने घासला, पुन्हा स्पिरिटने पुसला, आणि पाणी तपकिरी यायचं थांबेपर्यंत हेच करत राहिली. एकदा चिपच्या कडेखालून चरबीचा एक गोठलेला गोळा निघाला, त्यात एक काळा केस. ती उठून मोरीपाशी गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत येऊन बसली. बोर्ड नीट वाळवून तो घेऊन ती मागच्या अंगणातल्या शेडमध्ये गेली, स्वयंपाकघरापासून शक्य तितकी लांब. चिपच्या चारी कडांनी तिने फ्लक्स सोडला, कथील पसरायला लागतो तो चिकट द्रव, आणि हॉट एअर गनची गरम हवा वरून गोल गोल फिरवत राहिली. घाई केली नाही. एका क्षणी चिप हलकीच खाली बसली, भाकरी तव्यावर बसते तशी, आणि तिने हवा बंद केली.

दुसऱ्या दिवशी बोर्ड चालू करून ती कपड्यांना इस्त्री करायला बसली. कपडे संपले, पडदे काढून त्यांनाही इस्त्री केली. बोर्ड चालूच होता. जुन्या यंत्राने त्याच्याकडून प्रोग्रॅम घेतला आणि टीव्हीवर लहानपणचे ते जाडेभरडे रंग पसरले. तिने रसेलला फोनवर काही सांगितलं नाही. बोर्ड बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात ठेवला, खाली मऊ कापड घातलं. ईस्टरला हो म्हणताना हा डबा त्याच्या हातात द्यायचा, असं तिच्या मनात होतं. दोघांनी मिळून केलेलं पहिलं काम म्हणून.

ईस्टरच्या रविवारी रसेलने कोकराची तंगडी केली होती, पुदिन्याची चटणी, गाजरं आणि ते बटाटे. टेबलावर पांढरं कापड. पिवळी डॅफोडिल्स बाटलीत नाहीत, फुलदाणीत. बेव्हर्लीने बटाटे दोनदा घेतले. तिसऱ्यांदा त्यानेच वाढले, तिने नको म्हटलं नाही. जेवण झाल्यावर तो म्हणाला की आता तू बस, उत्तर चहाबरोबर ऐकतो. पण दुसऱ्याच्या घरी जेवून खरकटी भांडी तशीच सोडणं तिला जमणारं नव्हतं. तू खुर्चीत बस, मी भांडी घासते, असं म्हणून ती आत गेली.

ताटं झाली, सुऱ्या झाल्या. मग तिने बटाट्यांचा मोठा ट्रे घेतला. आतून स्वच्छ होता, पण कोपऱ्यात, काठ वळतो तिथल्या खाचेत, करपलेल्या चरबीचा एक पापुद्रा होता. तिने तो नखाने खरवडला. पापुद्रा निघाला आणि त्याच्याबरोबर कागदाचा एक तुकडा आला. तपकिरी, तुपकट, काळ्या रेघांचा.

तिला लगेच कळलं नाही असं नाही. कळलं, पण मनाने ऐकलं नाही. ती फॉइल शोधायला लागली, कशासाठी तेही तिने स्वतःला सांगितलं नाही. ट्रे ठेवायच्या खणात एक बशी होती. बशीत फॉइलचे चार टोकदार पाय, सारख्या उंचीचे, नीट वळलेले, पुन्हा वापरता यावेत म्हणून जपून ठेवलेले. टोकं काळी पडली होती. एकदा वापरून कुणी इतकं जपत नाही.

तिने हात पुसले, पिशवीतला डबा उघडला आणि तो तुकडा बोर्डावरच्या फाटक्या लेबलाला लावला. रेघेला रेघ जुळली.

तिने खाल्लेला एकेक बटाटा तिला आठवला. आजचेच नाहीत, पहिल्या रविवारपासूनचे. हाच ट्रे होता. याच ट्रेमधून त्याने तिला वाढलं होतं, आणि ती मागून मागून घेत होती. जिने शाळेच्या पोरांना मळकट चमचा लागू दिला नाही, तिने. तोंडात लाळ सुटायला लागली, ओकारीच्या आधी सुटते तशी, पण ओकारी आली नाही. आली असती तर बरं झालं असतं.

ती बोर्ड आणि कागदाचा तुकडा घेऊन बाहेर आली आणि दोन्ही त्या पांढऱ्या कापडावर ठेवले. रसेल वाकून पाहायला लागला.

“अरेच्चा,” तो म्हणाला. “तिथे होतं होय ते.”

ती उभीच राहिली. त्यालाही उमगलं असावं की आपण काय बोलून बसलो. मग तो बोलत सुटला. ट्रे दरवेळी उकळत्या पाण्याने घासतो, म्हणाला. असं सगळेच करतात, क्लबातल्या कुणालाही विचार. बोर्ड टेबलावर ठेवताना तो कोण उचलेल हे त्याला काय माहीत, ती उचलेल असं स्वप्नातही नव्हतं.

“मी उचलल्यावर तर माहीत होतं ना,” बेव्हर्ली म्हणाली.

“सांगणार होतो गं. पण तू इतकी खूश होतीस. म्हटलं, चार दिवसांत कंटाळशील आणि टाकून देशील.”

“मी वायर बदलली, कार्ड बदललं. सबंध शनिवार डाग देत बसले. तू भिंग धरून शेजारी बसला होतास.”

“मदतच करत होतो की.”

“मी म्हटलं, ज्याने हे केलंय त्याच्या हातचं पाणी पिणार नाही. तेव्हा तू काय म्हणालास, आठवतं? लोक काय एकेक असतात, म्हणालास. आणि पाय मागितलास.”

रसेलने रुमालाची घडी घातली, पुन्हा उलगडली. त्याची नखं तशीच होती, कापलेली, गोल, स्वच्छ. याच हातांवर आपण भाळलो, हे आठवून बेव्हर्लीला त्यांचीच किळस आली. नागवी घाण निदान समोर तरी असते, तिला पुसता येते.

“बेव, एवढ्याशा बोर्डापायी?” तो म्हणाला. “मोडका बोर्ड तो.”

“मोडका नाहीये. दुरुस्त झालाय,” ती म्हणाली, आणि तिने तो उचलून डब्यात ठेवला.

कोट घालेपर्यंत तो मागे मागे होता. दाराशी त्याने विचारलं की मग उत्तर काय समजू. ती म्हणाली की या घरात ती पुन्हा जेवणार नाही, यातून त्याला हवं ते त्याने समजावं. बसमध्ये तिने तोंड मिटून घेतलं होतं. घरी जाऊन दात घासले, जीभ घासली, हिरड्यांतून रक्त येईपर्यंत घासलं. चव गेली नाही. सगळ्यांत वाईट म्हणजे ती चव चांगली होती.

मे महिन्यातल्या पहिल्या शनिवारी ती क्लबमध्ये गेली. जाऊ नये असं दहादा वाटलं, पण तो काय म्हणून एकट्याने तिथे बसेल? रसेल नेहमीच्या जागी होता, इस्त्रीचा शर्ट, हत्यारं ओळीने. माणसं यंत्रांत डोकी खुपसून होती, जरा जास्तच खोल. ती सरळ विल्फकडे गेली.

“तुम्हाला माहीत होतं,” ती म्हणाली.

“सगळ्यांनाच माहीत होतं, पोरी,” विल्फ म्हणाला. “नाव विचारायचं नाही असा नियम आहे. माहीत नसावं असा नाही.” मग जरा अवघडून त्याने पुढे जोडलं, “तो तुझ्या शेजारी बसून भिंग धरायचा. आम्हाला वाटलं, कधी ना कधी सांगेल.”

म्हणजे हे सगळे पाहत होते. ती डाग देत होती, रसेल शंका काढत होता, आणि हा अख्खा हॉल बिस्किटं चघळत पाहत होता. हाच क्लब तिला नखं आणि कुत्र्याचे केस यांच्यापायी गलिच्छ वाटला होता. त्या भोळेपणाचं तिला आता हसू आलं, पण तोंडावर आलं नाही.

तिने डबा उघडला आणि बोर्ड टेबलाच्या मधोमध ठेवला.

“हा बेव्हर्ली सटक्लिफचा,” ती मोठ्याने म्हणाली. शाळेच्या जेवणघरात चारशे पोरांना ऐकू जायचा, तोच आवाज. “ओव्हनमध्ये भाजलेला आहे. मग मी नीट दुरुस्त केलाय, पण किती दिवस चालेल सांगता येत नाही. ज्याला न्यायचा त्याने हे ऐकून न्यावा.”

टेबलावर नाव येण्याची ही पहिलीच वेळ. मग कोपऱ्यातला एक जण उठला, पाय मोकळे करायला उठावं तसा, आणि टेबलाजवळून जाताना त्याने स्वतःच आणून ठेवलेला एक बोर्ड उचलून खिशात घातला. थोड्या वेळाने दुसरा उठला. त्याने दोन उचलले. तिसऱ्याने एक डिस्क ड्राइव्ह काखेत मारला आणि तो गाडीत ठेवायला बाहेर गेला. बेव्हर्ली तिथेच उभी राहून बघत होती. शेवटी विल्फही उठला, खोकला, आणि टेबलाच्या टोकाची एक पेटी त्याने आपल्या खुर्चीखाली सरकवली. टेबलावर तिचा एकच बोर्ड उरला.

तिने पिशवीतून फडकं आणि फवाऱ्याची बाटली काढली आणि ते टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत पुसलं. पुसून वळली तर जवळच्या खुर्चीवर चहाचा कप ठेवलेला होता, तिला लागतं तेवढंच दूध घातलेला. रसेल आपल्या जागी बसून स्क्रूड्रायव्हर पुसत होता. तिने कपाला हात लावला नाही. ती निघाली तेव्हा त्यावर साय धरली होती.

घरी येऊन तिने बटाटे सोलले. ईस्टरपासून तिने बटाटा घरात आणला नव्हता. आपला ट्रे काढला, दिव्याखाली उलटसुलट करून पाहिला आणि तरीही घासला. बटाटे जरा करपले आणि आतून कोरडे राहिले. रसेलच्या हातच्या बटाट्यांची सर त्यांना नव्हती, हे पहिल्याच घासाला कळलं. तिने सगळे खाल्ले.